वाकळ शिवताना मशीन टाके का गाळतं?

ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे यांवर मशीन बिनतक्रार चालतं. त्याच्याखाली तीन थरांची वाकळ सरकवली की मात्र चार टाके नीट, मग एक लांब उडी, पुन्हा दोन टाके, पुन्हा उडी. डिचोलीत शिवण शिकवताना माझ्याकडे ज्या तक्रारी येतात त्यांत ही सगळ्यांत वरची. तक्रार घेऊन येणारीचं निदानही ठरलेलं असतं: "बाई, मशीनचं टायमिंग गेलंय."

टायमिंग, म्हणजे मशीनच्या आतल्या भागांचा एकमेकांशी जुळलेला मेळ, क्वचित जातं. ते उगाच हलवलं गेलं की मात्र चांगलं मशीन खरोखर बिघडतं, म्हणून हे लिहायला घेतलं. टाका सुटतो तेव्हा मशीनच्या पोटात नेमकं काय घडायचं राहतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दोष कुठे शोधायचा ते आपलं आपल्याला कळायला लागतं.

सुटलेला टाका नुसता दिसायला वाईट असतो असंही नाही. वाकळ ही अंथरायची, पांघरायची, धुवून पिळायची, उन्हात झटकायची वस्तू. वर राहिलेला लांब सुटा दोरा पायातल्या जोडवीत अडकतो, तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, आणि एकदा तुटला की शेजारचे टाकेही उसवत नेतो. विकायची गोधडी असेल तर गिऱ्हाईक पहिलं बोट तिथेच ठेवतं.

एक टाका पडतो कसा

मशीनच्या टाक्याला दोन दोरे लागतात, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला. १८४६ मध्ये अमेरिकेत एलियस हाऊ यांनी ज्या शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, त्यातही रीत हीच होती: सुईचं नेढं टोकाशी आणि खालून दुसरा दोरा. आजच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनमध्येही मूळ गोष्ट तीच आहे.

सुई कापडातून खाली जाते, दोरा सोबत नेते, तळाला पोचते आणि वर यायला लागते. सगळं काम या वर येण्याच्या पहिल्या दोन-अडीच मिलिमीटरांत होतं. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. त्या बाजूचा दोरा खाचेत बसतो आणि सुईबरोबर सहज सरकतो. दुसऱ्या अंगाचा दोरा सुई आणि कापड यांच्यात दाबला गेलेला असतो. सुई वर निघाली की कापड तो दोरा धरून ठेवतं, दोऱ्याला वर जाता येत नाही, आणि तो नेढ्यामागे बाहेरच्या बाजूला फुगतो. त्याचा छोटासा फास होतो. त्याच क्षणी शटलचं, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकाचं, टोक तिथून जातं, फासात शिरतं, त्याला ओढून मोठा करतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. वरचा दोरा खालच्याला अडकला, टाका पडला.

सुईच्या मागे, नेढ्याच्या जरा वर, थोडा भाग खरवडून काढलेला असतो. शटलच्या टोकाला अगदी जवळून जाता यावं म्हणून ती सोय. टोक आणि सुई यांच्यात अंतर असतं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, कधी त्याहूनही कमी.

तेव्हा टाका सुटण्याची कारणं कितीही सांगता आली तरी घडतं एकच: शटलचं टोक आलं आणि त्याला फास सापडला नाही. फास झालाच नाही, किंवा झाला पण टोकापासून दूर झाला, किंवा टोक वेळेवर आलं नाही. यातलं शेवटचं म्हणजे टायमिंग. पहिली दोन कारणं त्याहून कितीतरी अधिक वेळा घडतात, आणि वाकळीत तर सगळ्यांत जास्त पहिलंच.

हे बघता येतं. काळं पायाचं मशीन असेल तर मागे कलंडवा, नवं असेल तर बॉबिनचं दार उघडा. विजेचं असेल तर प्लग काढून ठेवा. बॉबिन केसही काढा. सुईत गडद दोरा ओवा, फुटाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, सुती कापडाचा दुहेरी तुकडा घ्या, मोबाइलचा टॉर्च आत धरा आणि चाक हाताने अगदी सावकाश आपल्याकडे फिरवा. सुई तळाला जाऊन वर वळते, नेढ्यामागे दोरा बाहेर येतो, आणि तेवढ्यात बाजूने शटलचं चकचकीत टोक सुईला घासल्यासारखं जाऊन त्यात शिरतं. आता कापडाच्या जागी वाकळीचा सगळ्यांत जाड भाग ठेवा आणि पुन्हा फिरवा. फास बारीक होतो, कधी होतच नाही, कधी सुईच एका बाजूला झुकलेली दिसते. शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे सुरुवातीलाच दाखवते. पुढचं निम्मं शिकवणं मग त्यांचं त्याच करतात.

आधी तुकडा शिवून बघा

काहीही खोलण्याआधी नवी सुई लावा, नेहमीचा चांगला दोरा ओवा आणि साध्या सुती कापडाच्या दोन थरांवर हातभर टीप मारा. एकही टाका सुटला नाही, तर टायमिंग शाबूत आहे असं बहुतेक धरून चालावं. दोष सुई, दोरा, वाकळ आणि आपला हात यांच्यात आहे. याच तुकड्यावरही टाके सुटत असतील तर मशीनकडे वळायचं. या एका तुकड्याने मेकॅनिककडच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

वाकळीवर टाके कुठे सुटतात तेही नीट बघा. जिथे चार तुकड्यांच्या शिवणी एकत्र येतात तिथेच सुटत असतील तर ती जाडीची भानगड आहे. जरीच्या काठावर गेल्यावर सुरू झाले आणि मग थांबलेच नाहीत, तर सुईचं टोक गेलं. एकाच दिशेने शिवताना सुटत असतील तर सुई वाकते आहे. शिवणीच्या अगदी सुरुवातीला पहिले दोन-तीनच सुटत असतील तर दोऱ्यांची टोकं धरून ठेवली नाहीत, बाकी काही नाही.

सुई

सुई मोडेपर्यंत वापरायची ही आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि वाकळीत ती सर्वांत महाग पडते. आठेक तास शिवण झाली की सुई बदलावी असं साधारण मानतात. जाड गोधडीला त्याच्याही आधी. जुन्या साड्यांच्या वाकळीत जरीचा काठ येतो, आणि जरीतली धातूची तार सुईचं टोक फार लवकर बोथट करते. बोथट सुई कापडात शिरत नाही, कापड खाली ढकलते आणि येताना वर ओढून आणते. असा काठ शक्यतो उसवून बाजूला ठेवावा. ठेवायचाच असेल तर काठ शिवून झाल्यावर सुई बदलावी.

वाकडी सुई डोळ्याला सहसा दिसत नाही. चपटी बाजू खाली करून सुई काचेवर ठेवा आणि काच व सुई यांमधली फट उजेडासमोर बघा. फट टोकापर्यंत सारखी निमुळती होत गेली तर सुई सरळ. मध्येच कमी-जास्त वाटली तर टाकून द्या, शंका ठेवू नका.

घरगुती मशीनची सुई वरच्या टोकाला एका बाजूने चपटी असते. तिच्या पाकिटावर १३०/७०५ एच किंवा एचए×१ असं लिहिलेलं असतं. कारखान्याच्या मशीनची डीबी×१ सुई वरून गोल. दोन्हींची लांबी-जाडी वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवली तर नेढं चुकीच्या उंचीवर येतं आणि फासही चुकीच्या जागी. जुनं कारखान्याचं मशीन घरी आणलं असेल तर सुई घेताना जुनी सुई सोबत न्या. लावताना सुई पार वरपर्यंत गेली पाहिजे. मिलिमीटरभर खाली राहिली तरी टाके सुटतात. लांब खाच नेहमी ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला, आणि खरवडलेला भाग शटलकडे. गोल सुईला चपटी बाजू नसते, तिथे हीच खूण धरून लावायची.

आता नंबर. ९०/१४ यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. वाकळीला तिथूनच सुरुवात करावी. नऊवारीचे चार-पाच थर असतील तर १००/१६. बारीक सुई जाड थरांत झुकते आणि शटलपासून दूर जाते. दोरा नेढ्यात मोकळा सरकतो का याची परीक्षा सोपी आहे: सुटी सुई दोऱ्यात ओवा, दोरा तिरका ताणून धरा, सुई आपल्या वजनाने खाली घसरली पाहिजे. अडकून राहिली तर एक नंबर मोठी घ्या. गोधडीसाठी खास क्विल्टिंगची सुई मिळते, ती ७५/११ आणि ९०/१४ या मापांत असते आणि अनेक थर भेदायला तिचं टोक बरं. टॉपस्टिचच्या सुईचं नेढं मोठं असतं, त्यामुळे जाड किंवा चमकीच्या दोऱ्याला ती उत्तम. म्हापशाला किंवा पणजीला दुकानात मिळाली नाही तर ऑनलाइन मागवता येते. बाळाचे जुने टी-शर्ट जोडून आठवणीची गोधडी शिवायची असेल तर मात्र स्ट्रेच सुईच लागते. विणलेल्या ताणाच्या कापडावर साधी सुई टाके गाळणारच, मशीनला दोष देऊ नये.

कापड सुईबरोबर वर येतं तेव्हा

वाकळीचं खरं दुखणं हे आहे. फास तयार होतो तो कापड जागच्या जागी राहतं म्हणून. सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचललं गेलं, तर दोऱ्याला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. दोरा सुईसोबत सरळ वर जातो, फुगत नाही, आणि शटलचं टोक रिकाम्या जागेतून फिरून जातं. वाकळीत वरचं कापड, मधली भर आणि खालचं अस्तर मिळून सुईला घट्ट धरतात. त्यात भर मऊ आणि फुगीर, म्हणजे वर उचलायला मोकळी जागाही भरपूर. चाक हाताने फिरवून सुईच्या कडेला बघा: दर टाक्याला कापड तंबूसारखं उठताना दिसलं, तर दोष सापडला.

सरळ ओळींची शिवण असेल तर फुटाचा दाब वाढवून बघा. थर एकमेकांवर सरकायला लागले तर वॉकिंग फूट लावा, तो वरचा आणि खालचा थर बरोबरीने पुढे नेतो. झिगझॅगच्या मशीनला सुईखालच्या प्लेटचं भोक आडवं लांब असतं, आणि सुई कापडाला त्या भोकात ढकलते. सरळ टाक्याची, एका बारीक गोल भोकाची प्लेट लावली की कापडाला आधार मिळतो. एवढ्यानेच पुष्कळ मशीन सुधारतात. ही प्लेट लावून झिगझॅग मात्र चुकूनही चालवू नका, सुई थेट धातूवर आदळेल.

कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, हाताने वाकळ फिरवत वेलबुट्टी काढतो तेव्हा फूट किती उंचीवर आहे यावर सगळं अवलंबून. सुई खाली असताना फूट वाकळीला टेकलेला हवा, सरकायला अडथळा न करता. जाड वाकळ अडकते म्हणून फूट वर चढवून ठेवतात आणि तिथेच टाके सुटायला लागतात. हाताचंही तसंच. सुई कापडात असताना वाकळ ओढली की सुई वाकते. ती शटलपासून लांब वाकली तर फास हुकतो, शटलकडे वाकली तर टोकावर आदळते आणि तिथे ओरखडा उठतो. मशीन संथ आणि हात घाईत असं झालं की हे हटकून होतं. मशीनचा वेग थोडा वाढवा आणि हात सावकाश चालवा. वाकळीचं वजनही सुईला ओढत असतं, म्हणून ती टेबलावरून खाली लोंबू देऊ नका. मागे आणि डावीकडे खुर्ची किंवा स्टूल लावून तिला आधार द्या.

कापड सुईला का चिकटतं याची कारणंही बघायला हवीत. नव्या कापडाची खळ धुवून काढावी, मग शिवावं. खडी प्रिंटचा जाड थर, घट्ट विणीचं बाटिक, यांत सुई अडकते. तिथे मायक्रोटेक्स नावाची तीक्ष्ण टोकाची सुई घ्या. थर चिकटवायला गोंदाचा स्प्रे मारला असेल तर फणस कापताना सुरीला चीक धरावा तसा तो सुईवर साचतो. स्पिरिटमध्ये कापूस भिजवून सुई अधूनमधून पुसून घ्या आणि स्प्रे पूर्ण सुकल्याशिवाय शिवायला बसू नका. साडीच्या खाली जॉर्जेट किंवा नायलॉनची साडी घातली असेल तर वेगाने शिवताना तापलेली सुई ते कापड किंचित वितळवते, आणि मग तेही चिकटतं. माझ्या मते वाकळीत सुतीबरोबर सुतीच घालावं. ऊबही चांगली मिळते.

आपल्याकडचा पावसाळा

गोव्यात जूनपासून हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत सहज जातो. कापूस हवेतलं पाणी ओढतो. ६५ टक्के दमट हवेतसुद्धा तो कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो, पावसात त्याहून जास्त. दमट सुती थर सुईला अधिक पकडतात. चवथीच्या आधी ऑर्डरी पुऱ्या करायच्या असतात तेव्हा नेमका हाच काळ. शिवण्यापूर्वी वाकळीवरून गरम इस्त्री फिरवा, भर पॉलिएस्टरची असेल तर बेताचीच गरम, आणि पूर्ण थंड झाल्यावर शिवायला घ्या.

समुद्राजवळच्या घरांत गंज हा वेगळाच त्रास. सुईवर दिसेल न दिसेल एवढा गंज आला तरी ती खरखरीत होते, दोरा नेढ्यात अडकतो. सुयांची पाकिटं झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. शटलच्या टोकावर गंज किंवा ओरखडा आहे का, हे कापसाचा बोळा हलकेच फिरवून कळतं. तंतू अडकले तर तो भाग मेकॅनिककडून घासून गुळगुळीत करून घ्यावा. आणि मशीनमध्ये खोबरेल घालू नये. ते सुकून चिकट होतं, त्यात भरीचे तंतू बसतात आणि शटलच्या वाटेत थर जमतो. मशीनचं स्वच्छ पातळ तेलच वापरावं, आणि प्रत्येक वाकळीनंतर शटल काढून ब्रशने झाडावं. कापसाची भर किती तंतू सोडते ते पहिल्यांदा झाडताना बघाच.

दोरा ओवताना फूट वर हवा, म्हणजे टेन्शनच्या, दोरा ताणून धरणाऱ्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांत नीट बसतो. वर-खाली होणाऱ्या दांडीतून दोरा गेला आहे ना, हे बघा. टेन्शन फार आवळलं असेल तर पॉलिएस्टरचा दोरा ताणला जातो आणि फास लहान होतो. काळ्या मशीनला टेन्शनजवळ बारीक तारेची स्प्रिंग असते, ती तुटली किंवा वाकली तरी टाके सुटतात. लहानशी म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दोरा जुना, पेटीत वर्षानुवर्षं पडलेला असेल तर मोह सोडा.

टायमिंग खरंच गेलं असेल तर

नवी योग्य सुई, साधं सुती कापड, नीट ओवलेला दोरा, आणि तरीही टाके सुटतात. किंवा सुई धातूवर आदळून मोडली, दोऱ्याचा गुंता शटलमध्ये अडकून मशीन जोरात थांबलं आणि त्यानंतरच हे सुरू झालं. अशा वेळी टायमिंग किंवा सुईचा दांडा सरकल्याचा संशय रास्त आहे. शटलचं टोक सुईच्या मागे पोचतं तेव्हा ते नेढ्याच्या वरच्या कडेपासून साधारण दीड मिलिमीटर वर असायला हवं. दांडा वर सरकला तर नेढं टोकाच्या जवळ येतं किंवा वर जातं, आणि फास हुकतो. हे टॉर्चच्या उजेडात दिसतं. दिसलं तरी स्क्रू स्वतः ढिले करू नका. नेमकी मापं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात, आणि दांड्याची उंची, शटलचं टायमिंग आणि दोघांमधलं अंतर एकमेकांत गुंतलेलं असतं.

मेकॅनिककडे जाताना ज्या वाकळीवर टाके सुटतात तिचा तुकडा, तोच दोरा आणि तीच सुई घेऊन जा. तो दोन थरांच्या कापडावर मशीन चालवून "बरोबर आहे" म्हणेल आणि त्याच्यापुरतं ते खरंही असेल. त्याला तुमच्याच तुकड्यावर चालवून दाखवायला सांगा.

फ्रेमवर वाकळ ताणून डोकंच सगळीकडे फिरवायचं, अशी लाँगआर्म मशीन आता काही जणींकडे आली आहेत. तिथे दाते नाहीत, मशीन चारही दिशांना जातं, त्यामुळे सुई एका दिशेला जाताना शटलपासून दूर झुकते आणि टाके फक्त त्याच दिशेला सुटतात. एक नंबर जाड सुई, फ्रेमवर जरा सैल ताणलेली वाकळ आणि त्या दिशेला थोडा कमी वेग, एवढं आधी करून बघा. वाकळ तबल्यासारखी घट्ट ताणली की सुईला वाकायला भाग पाडते. खालून बोट लावल्यावर ती किंचित वर उचलली गेली पाहिजे.

आधीच सुटलेले टाके दुरुस्त करायचे तर त्यांच्यावरून पुन्हा टीप मारू नका, लांब दोरा तसाच खाली दबून राहतो. सुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे पाच-सहा टाके उसवा, वरचे दोरे सुईने अस्तराच्या बाजूला काढा, गाठ मारून टोकं भरीत ओढून घ्या. मग रिकाम्या जागेत जुन्याच भोकांवरून नवी टीप घाला, आणि तिचीही टोकं गाठ मारून तशीच आत घ्या. एकच टाका सुटला असेल तर मशीन उघडायचीही गरज नाही, हातसुईने खालून वर आणि वरून खाली एक टाका घालून दोरा आत लपवला की पुरतं.